दुष्काळ नेमका कुठे पडतो?

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा ही धरणे याच तालुक्यात आहेत. श्रावणात इथली भातखाचरे काठोकाठ भरलेली असतात, ओढे दुथडी वाहत असतात. आणि मार्च उजाडला, की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहणे सुरू होते. पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा-जव्हारमध्येही वेगळे चित्र नसते.

दुसरे कोडे २०२३ सालचे. त्या वर्षी देशभरात मोसमी पाऊस सरासरीच्या ९४ टक्के झाला. कुठल्याही विद्यार्थ्याला आनंद व्हावा असा आकडा. तरीही ऑक्टोबर संपता संपता महाराष्ट्र सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्यानंतर दहा-बारा दिवसांतच हजाराहून अधिक महसुली मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ असल्याचे मान्य केले.

‘पाऊस कमी म्हणजे दुष्काळ’ एवढेच धरून चालले, तर ही दोन्ही कोडी सुटत नाहीत. ती सोडवायची तर पाऊस जमिनीवर पडल्यानंतर त्याचे काय होते, तो कुठे थांबतो, किती काळ थांबतो आणि कोणाच्या वाट्याला येतो, हे पाहावे लागते.

डबा, पेव आणि कोठार

जुन्या शेतकरी घरात धान्य तीन ठिकाणी असे. रोजच्या भाकरीचे पीठ डब्यात, वर्षाची बेगमी अंगणातल्या पेवात आणि अडीनडीला गावाच्या किंवा सावकाराच्या कोठारात. पावसाचे पाणीही असेच तीन ठिकाणी साठते. मातीतला ओलावा हा पिठाचा डबा, जमिनीखालचे पाणी हे पेव आणि धरण हे कोठार. डबा लवकर भरतो आणि लवकर रिकामा होतो. पेव भरायला वेळ लागतो, पण ते सरतेही सावकाश. कोठारात धान्य आपल्याच शेतातून आलेले असते असे नाही, ते दूरच्या गावाहूनही येते.

दुष्काळाचे प्रकार म्हणजे यांपैकी कोणते भांडे रिकामे आहे, याची उत्तरे. पीकच आले नाही, म्हणजे पाऊसच पडला नाही, तर तो एक दुष्काळ. डबा रिकामा तर दुसरा, पेव आणि कोठार रिकामे तर तिसरा. आणि कोठारात धान्य असूनही घरातल्या ताटात ते पोचत नसेल, तर तो चौथा. हे चारही एका वेळी येतीलच असे नाही. एक गेल्यावर दुसरा येतो, कधी पहिला न येताच तिसरा येतो.

पावसाची वाटणी सह्याद्रीने केली

आधी पाऊस. जूनमध्ये अरबी समुद्रावरून येणारे वारे बाष्पाने ओथंबलेले असतात. किनाऱ्यापासून पन्नास-साठ किलोमीटर आत आल्यावर त्यांच्यासमोर सरासरी हजारेक मीटर उंचीची सह्याद्रीची भिंत उभी राहते. वाऱ्याला ती चढावी लागते. हवा वर गेली की तिच्यावरचा दाब कमी होतो, ती पसरते आणि पसरताना थंड होते. थंड हवेत बाष्प मावत नाही, त्याचे थेंब होतात आणि ते घाटमाथ्यावर कोसळतात. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो यामुळे.

माथा ओलांडल्यावर याच्या नेमके उलट घडते. हवा खाली उतरते, दाबली जाते आणि तापते. कोरडी हवा उतरताना किलोमीटरमागे जवळजवळ दहा अंशांनी तापते. तापलेल्या हवेची बाष्प धरून ठेवण्याची ताकद वाढते, ढग विरतात. महाबळेश्वरहून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत पाऊस सतराशे-अठराशे मिलिमीटरवर येतो. घाट उतरून वाईत पोचावे तर सातशेच्या आसपास. आणखी पूर्वेला माण, आटपाडी, सांगोला या पट्ट्यात तो साडेचारशे-पाचशेवर येऊन थांबतो. मोटारीने अर्ध्या दिवसात पार होणाऱ्या अंतरात पाऊस दहापट कमी झालेला असतो. हा सगळा पट्टा पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराच्या आडोशाला पडलेला.

तिथून आणखी पूर्वेला गेले की पाऊस पुन्हा वाढू लागतो, कारण आता बंगालच्या उपसागराचा हात पोचतो. उपसागरात तयार झालेले कमी दाबाचे पट्टे ओडिशा, छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकतात आणि विदर्भाला भिजवतात. गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्यात बाराशे-चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाडा या दोन्ही शाखांच्या शेवटाला आहे. अरबी समुद्राचा वारा तिथे कोरडा होऊन येतो आणि उपसागरावरचे पट्टे बरेचदा वाटेतच उत्तरेकडे वळून मध्य प्रदेशात जातात. मराठवाड्याचा पाऊस म्हणून बेभरवशाचा. प्रशांत महासागराचे पाणी तापून एल निनो आला की हा बेभरवसा वाढतो. १९७२, २००२, २००९, २०१५ आणि २०२३ ही सगळी एल निनोची वर्षे होती. पण १९९७ साली फार मोठा एल निनो असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला, हेही लक्षात ठेवायला हवे. एल निनो म्हणजे धोक्याची सूचना, निकाल नव्हे.

माणदेशात पाचशे मिलिमीटर पाऊस पडणे म्हणजे दुष्काळ नाही. तो तिथला स्वभाव आहे. बाजरी, मटकी, रब्बी ज्वारी आणि मेंढ्या यांच्या आधाराने लोकांनी त्या पावसात जगणे बसवलेले आहे. दुष्काळ ठरतो तो त्या जागेच्या स्वतःच्या सरासरीपेक्षा पाऊस किती घटला यावरून. कायमचा कमी पाऊस आणि दुष्काळ यांची गल्लत केली, की ‘तिकडे दुष्काळ नेहमीचाच’ असे म्हणून हात झटकणे सोपे होते.

पहिला दुष्काळ : आभाळाचा

याला अवर्षण म्हणतात. भारतीय हवामान खात्याच्या रूढ व्याख्येनुसार एखाद्या भागातला हंगामी पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी झाला, तर तिथे अवर्षण. तूट ५० टक्क्यांहून अधिक झाली तर तीव्र अवर्षण. सरासरीच्या १९ टक्के वर किंवा खाली, इथपर्यंत एखाद्या जिल्ह्याचा पाऊस ‘सर्वसाधारण’ समजला जातो.

मोजायला सोपी अशी ही व्याख्या आहे, पण टक्केवारी आंधळी असते. महाबळेश्वरला २५ टक्के तूट आली तरी चार हजार मिलिमीटर पाऊस पडलेला असतो. आटपाडीला तेवढीच तूट आली, तर उरतात साडेतीनशे. शिवाय सरासरी जिथे कमी, तिथे पावसाची वर-खाली जास्त. पाचशे मिलिमीटरची सरासरी असलेल्या गावात नेमका पाचशे पाऊस क्वचितच पडतो. एखाद्या वर्षी तीनशे, एखाद्या वर्षी सातशे. त्या गावातल्या माणसाला सरासरीवर संसार उभा करता येत नाही.

दुसरी अडचण जागेची. पर्जन्यमापक मंडळाच्या गावी असतो. उन्हाळी किंवा परतीच्या पावसाचा ढग पाच-सात किलोमीटर रुंदीचा असतो. मापकावर तो कोसळला तर दहा-वीस गावांच्या नावाने पाऊस लागतो आणि मापक टाळून गेला तर भिजलेले गावही कागदावर कोरडे राहते. मग मंडळांची सरासरी तालुक्याला आणि तालुक्यांची जिल्ह्याला. प्रत्येक पायरीवर कोरडे गाव शेजारच्या ओल्या गावात मिसळून दिसेनासे होते.

दुसरा दुष्काळ : मुळांचा

२०२३ चे कोडे इथे सुटते. त्या वर्षी जुलैत चांगला पाऊस झाला आणि ऑगस्टमध्ये त्याने पाठ फिरवली. देशभराचा विचार केला तर १९०१ पासूनच्या नोंदींमधला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तूट ३६ टक्क्यांची. सप्टेंबरमध्ये पाऊस परतला आणि हंगामाची बेरीज ९४ टक्क्यांवर पोचली. पण पीक बेरजेवर वाढत नाही. ऑगस्टमध्ये मराठवाड्यातले सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या अवस्थेत असते. नेमके तेव्हा पाणी तुटले तर फुले गळतात, शेंगा पोचट राहतात. नंतर कितीही पाऊस आला तरी गळालेले फूल परत येत नाही.

किती दिवसांचा खंड पीक सोसेल, हे डब्याच्या आकारावर ठरते. मीटरभर खोल काळी माती पिकाला वापरता येईल असे साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते. माळावरची फूटभर मुरमाड जमीन जेमतेम तीस-चाळीस मिलिमीटर. वाढीच्या भरातले पीक आणि ऊन मिळून रोज पाच मिलिमीटरच्या आसपास पाणी खर्च करतात. म्हणजे दोन्ही जमिनी एकाच पावसात पूर्ण भिजल्या आणि पाऊस थांबला, तर माळरानातले पीक आठवड्यात माना टाकते आणि नदीकाठच्या काळ्या रानातले महिनाभर तग धरते. एकाच गावात, एकाच पर्जन्यमापकाखाली, एका शेतकऱ्याचा दुष्काळ आणि दुसऱ्याचा सुकाळ शेजारी शेजारी उभे असतात. ज्याच्या वाट्याला माळ आला आहे, तो बहुधा मुळातच गरीब असतो.

या दुष्काळाची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. मंगळवेढ्याच्या शिवारातली ज्वारी जवळजवळ पाऊस न पाहता वाढते. उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या पावसाने खोल काळी जमीन भरून घेतली, की वापसा येताच पेरणी होते आणि पुढे माघ-फाल्गुनापर्यंत ते पीक मातीतल्या ओलाव्यावर आणि थंडीतल्या दवावर निभावते. जून-जुलै कोरडा गेला तरी हस्त चांगला पडला तर या भागाचे वर्ष सावरते. उलट जूनपासून हंगामाची बेरीज शंभर टक्के झाली आणि हस्त कोरडा गेला, तर त्या शंभर टक्क्यांचा रब्बीला फारसा उपयोग नाही. म्हणून ‘पाऊस किती’ इतकाच ‘पाऊस कधी’ हा प्रश्न शेतीसाठी महत्त्वाचा आहे.

| आकडे वाचताना |
|---|
| १ मिलिमीटर पाऊस : एक चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. एका हेक्टरवर १० हजार लिटर. म्हणजे ५०० मिलिमीटर पावसाच्या गावातही प्रत्येक हेक्टरवर वर्षाला ५० लाख लिटर पाणी पडते. |
| पावसाचा दिवस : चोवीस तासांत किमान २.५ मिलिमीटर पाऊस झाला तरच तो दिवस पावसाचा धरतात. |
| टीएमसी : एक अब्ज घनफूट. सुमारे २,८३२ कोटी लिटर. |
| दलघमी : दशलक्ष घनमीटर. साधारण २८.३ दलघमी म्हणजे १ टीएमसी. |
| मृतसाठा : कालव्याच्या दाराच्या पातळीखाली राहणारे पाणी. ते आपोआप बाहेर येत नाही, उपसावे लागते. |
| उपयुक्त साठा : मृतसाठ्याच्या वरचे पाणी. बातमीतली टक्केवारी बहुतेक वेळा याची असते. |

तिसरा दुष्काळ : विहिरींचा आणि धरणांचा

आता शहापूरकडे वळू. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून तो तयार झाला. गंगेच्या खोऱ्यात जमिनीखाली शेकडो मीटर वाळू आहे आणि तिच्या कणांमध्ये पाणी मावते. कातळात तशी जागा नसते. वरचा मुरूम, थरांमधल्या फटी आणि भेगा एवढ्यातच पाणी साठते. शंभर घनमीटर कातळातून हाती लागते ते जेमतेम एक ते तीन घनमीटर पाणी. पडलेल्या पावसाचाही ढोबळमानाने दहा टक्क्यांच्या आसपासच हिस्सा खाली झिरपतो. थोडक्यात, महाराष्ट्राचे पेव मुळातच लहान आहे.

लहान पेव लवकर भरते. शहापूरचे पेव जुलैतच भरून जाते. त्यानंतर कितीही पाऊस पडला तरी त्याला आत जागा नसते, तो डोंगरउतारावरून ओढ्यात, नदीत आणि काही तासांत खाडीत जातो. पावसाळा सरल्यावर पेवातले पाणीही उतारामुळे झऱ्यांवाटे पाझरून निघून जाते. दिवाळीपर्यंत वाहणारे ओहोळ होळीला कोरडे पडतात. पाऊस अडीच हजार मिलिमीटर असो की पाच हजार, मार्चमध्ये पाड्यावरच्या विहिरीत तेवढेच पाणी उरणार. मोठी धरणे आहेत, पण ती खाली दरीत आहेत आणि पाडे वर डोंगरसोंडेवर. धरणाचे पाणी मोठ्या जलवाहिन्यांतून दूरच्या महानगरात जाते, शेजारच्या पाड्यावर चढवण्याची सोय होत नाही. पाण्याच्या उगमाशी राहणाऱ्या माणसाने सर्वांत आधी तहानलेले राहावे, हा निसर्गाचा नियम नाही. ती आपण केलेली रचना आहे.

घाटमाथ्याच्या पूर्वेला पेवाची गोष्ट वेगळी. तिथे ते पुरते भरतच नाही आणि उपसा मात्र वाढत जातो. १९७० च्या दशकापासून विजेचे पंप आले, मग विंधन विहिरी आल्या. तीस-चाळीस फुटांच्या विहिरीतले पाणी दर वर्षीच्या पावसाचे असते. पाचशे-सातशे फुटांवर कातळाच्या एखाद्या भेगेत सापडलेले पाणी तिथे पोचायला फार वर्षे लागलेली असतात, ते उपसल्यावर दोन-चार हंगामांत परत भरून येत नाही. बोअर ‘फेल’ गेल्यावर आणखी खोल जाणारा शेतकरी पाण्याबरोबर कर्जाच्याही तळाशी जातो.

धरणांचा दुष्काळ आणखी निराळा, कारण धरणाचे पाणी दुसऱ्याच मुलखात पडलेले असते. सोलापूर जिल्ह्याचे सगळे लक्ष असते उजनीकडे. उजनी भरते ती मावळ, मुळशी, भीमाशंकरच्या घाटमाथ्यावरच्या पावसाने. आधी पुणे जिल्ह्यातली धरणे भरतात, मग तिथून सोडलेले पाणी येते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये सोलापूरचा शेतकरी आभाळाइतकाच दौंडचा विसर्ग किती क्युसेक आहे ते पाहतो. स्वतःच्या शिवारात टिपूस नसताना उजनी भरून वाहू शकते आणि शिवार चिंब असताना उजनी ‘मायनस’मध्ये असू शकते. उजनीत एकूण पाणी ११७ टीएमसी मावते, पण त्यातले उपयुक्त सुमारे साडेत्रेपन्न टीएमसी. मृतसाठा त्याहून मोठा, ६३ टीएमसीच्या वर. तो उपसायला लागले की ‘उजनी वजा तीस टक्के’ अशा बातम्या येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ही पातळी वजा पन्नासच्याही खाली गेली होती.

नदीखोऱ्याचे पाणी नेहमी पूर्वेलाच जाते असेही नाही. कोयनेचे वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवून वाशिष्ठीत सोडता येते. भीमेच्या उगमाकडची मुळशीसारखी धरणेही वीज करून पाणी कोकणात उतरवतात. ज्या खोऱ्याच्या खालच्या अंगाला राज्यातले सर्वांत कोरडे तालुके आहेत, त्या खोऱ्याचे पाणी राज्यातल्या सर्वांत पावसाळी पट्टीत जाते. विजेची गरज खरी होती आणि आजही आहे. पण सूर्य आणि वारा यांपासून वीज मिळू लागल्यावर या वाटपाचा दर वर्षी, निदान तुटीच्या वर्षी, पुन्हा विचार व्हायला हवा असे मला मनापासून वाटते.

हा तिसरा दुष्काळ सावकाश येतो. लातूरचे उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. मराठवाड्यात २०१४ आणि २०१५ ही सलग दोन वर्षे पावसात जवळजवळ ४० टक्के तूट होती. पहिल्या वर्षी शेती गेली, पण धनेगावजवळच्या मांजरा धरणात जुने पाणी होते, शहराचे नळ चालू राहिले. दुसऱ्या वर्षी धरणाचा तळ उघडा पडला. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी, म्हणजे शहराच्या लोकसंख्येने भागले तर माणशी लिटर-सव्वा लिटर. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या सुरू झाल्या. आभाळाचा दुष्काळ २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाला होता, नळाचा दुष्काळ यायला पावणेदोन वर्षे लागली. आणि तो गेला कसा? त्याच वर्षी सप्टेंबर सरताना झालेल्या मुसळधार पावसाने मांजरा भरले. कोठार एका आठवड्यात भरता येते. दोन वर्षे उपसलेले पेव मात्र तेवढ्या पावसाने पूर्ववत होत नाही.

चौथा दुष्काळ : माणसांचा

मराठवाड्यातली म्हातारी माणसे सांगतात, बहात्तरला धान्य नव्हते पण प्यायला पाणी होते, आता दुकानात धान्य आहे पण पाणी नाही. ही आठवण शास्त्राच्या कसोटीवर बरीचशी उतरते. १९७२ मध्ये पाऊस गेला, पिके गेली, धान्याचा दाणा मिळेना. परदेशातून आलेला लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन लोकांनी दिवस काढले. पण तेव्हा बोअर फारसे नव्हते, पंप थोडे होते, ऊस थोडा होता. पेवाला हात लागलेला नव्हता. उलट २०१६ मध्ये रेशनची व्यवस्था होती, रस्ते होते, धान्य होते, पेव मात्र रिकामे होते.

बहात्तरमध्ये आणखी एक गोष्ट घडली. भूक धान्याच्या तुटवड्याइतकीच मजुरी तुटल्यामुळे येते, हे राज्याने ओळखले. शेतीच नाही म्हणून कामच नाही आणि कामच नाही म्हणून धान्य विकत घेण्याची ऐपत नाही. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेली रोजगार हमी योजना तेव्हा मोठ्या प्रमाणावर राबवली गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. लाखो हातांनी पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते उभे केले. दुष्काळाचे रूपांतर भूकबळीत होऊ न देण्याचे महाराष्ट्राचे हे काम फार मोठे आहे, त्याचा अभिमान बाळगायला हवा.

पाणी कशावर खर्च होते, हाही याच दुष्काळाचा भाग. उसाला वर्षभरात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी लागते, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. लातूरचा पाऊस साडेसातशे-आठशे. उरलेले बाराशे मिलिमीटर पेवातून किंवा कोठारातून यावे लागतात, ते शेजारच्या रानातली विहीर आणि शहरातला नळ यांच्या वाट्याचे असतात. शेतकरी ऊस लावतो कारण त्याला ठरलेला भाव आहे, गिऱ्हाईक बांधलेले आहे आणि एका पावसाच्या खंडाने तो मरत नाही. तूर, ज्वारी, करडईला अशी खात्री दिल्याशिवाय नुसते ‘ऊस लावू नका’ म्हणणे अन्यायाचे ठरेल.

अहिल्यानगरजवळच्या हिवरे बाजारात पाऊस चारशे-साडेचारशे मिलिमीटर, शहापूरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाचा. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले आणि पुढच्या वर्षांत गावाने डोंगरावर समतल चर खणले, झाडे राखली, चराईबंदी पाळली. अशी कामे बऱ्याच गावांत झाली आहेत. हिवरे बाजारने त्यापुढे जाऊन शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असे ठरवले, पाणी खाणारी पिके टाळली आणि पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. यंदा पाऊस इतका झाला, माणसांना आणि जनावरांना इतके पाणी लागेल, उरलेल्यात रब्बी किती एकर, हे ग्रामसभेत ठरते. पाऊस कमी झाला तर रब्बीचे क्षेत्र कमी. अवर्षण त्या गावालाही चुकत नाही, टँकर मात्र चुकतो.

आणि ओला दुष्काळ?

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सीना नदीकाठी सोलापूर जिल्ह्यात पाण्याने पिकांबरोबर जमिनीही खरवडून नेल्या, तेव्हा ओला दुष्काळ जाहीर करण्याची मागणी जोरात पुढे आली. सरकारी दुष्काळ संहितेत असा प्रकार नाही. अतिवृष्टी आणि पूर यांची मदत आपत्तीच्या वेगळ्या नियमांनी मिळते. मुळांच्या दृष्टीने पाहिले तर ही मागणी समजण्यासारखी आहे. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही आणि पीक उभ्या जागी मरते. शेतकऱ्याच्या घरात उरते तेवढीच रिकामी कणगी.

जाहीर करण्याची तारीख

पूर्वी दुष्काळ ठरे तो आणेवारीवर. गावातल्या पिकाचा अंदाज रुपयात मोजायचा आणि तो पन्नास पैशांच्या खाली गेला तर दुष्काळ. खरिपाची अंतिम पैसेवारी येईपर्यंत डिसेंबर उजाडे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये नवी दुष्काळ संहिता आणली. तिच्यात आधी पावसाची तूट आणि तीन-चार आठवड्यांचा खंड पाहतात. ही पहिली कळ दाबली गेली तरच पुढे पेरणीचे क्षेत्र, उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवाई, मातीतला ओलावा आणि धरणे-विहिरींची पातळी तपासतात. शेवटी निवडक गावांत जाऊन पाहणी होते. खरिपाचा निर्णय ऑक्टोबरअखेर व्हावा अशी अपेक्षा असते. २०१८ मध्ये याच पद्धतीने ऑक्टोबरच्या शेवटी १५१ तालुके जाहीर झाले. जाहीर झाले की जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ असे लाभ मिळतात.

ही पद्धत आणेवारीपेक्षा चोख आहे, वेळेवरही आहे. पण तिचे घड्याळ पहिल्या दोन दुष्काळांचे आहे. ज्या तालुक्यात पाऊस पुरेसा झाला, तिथे पहिली कळच दाबली जात नाही. मग शहापूरच्या पाड्याला कितीही टँकर लागोत, त्याच्या नावापुढे दुष्काळ लागणार नाही. आणि विहिरींचा दुष्काळ ऑक्टोबरमध्ये दिसत नाही, तेव्हा विहिरी भरलेल्या असतात. तो दिसतो फेब्रुवारीत, निर्णय होऊन गेल्यावर.

त्याच्यासाठी जिल्हाधिकारी वेगळा ‘टंचाई आराखडा’ करतात. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून असे त्याचे तीन टप्पे असतात. टँकर, विहीर अधिग्रहण, तात्पुरती नळयोजना हे त्यातले उपाय. टंचाईग्रस्त गावाला पाणी मिळते, पण दुष्काळाच्या सगळ्या सवलती मिळत नाहीत. पाण्याअभावी रब्बी करपलेल्या शेतकऱ्याचे कर्ज मात्र दुष्काळग्रस्त शेतकऱ्याइतकेच असते.

खरे तर तिसऱ्या दुष्काळाची चाहूल आधी लागू शकते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा दर ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरींची पाणीपातळी मोजते आणि आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहते. कोणत्या गावांत कोणत्या महिन्यापासून टंचाई येऊ शकते, याचा अंदाज त्यावरून बांधला जातो. ही माहिती सध्या मुख्यतः टँकरच्या नियोजनासाठी वापरली जाते. तीच नोव्हेंबरच्या आरंभी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली आणि ग्रामसभेत वाचली गेली, तर हरभरा पेरायचा की गहू, ऊस ठेवायचा की मोडायचा, जनावरांसाठी किती कडबा राखायचा, हे शेतकऱ्याला हातात पाणी असताना ठरवता येईल. फेब्रुवारीत विहिरीने तळ गाठल्यावर त्याच्यापुढे बोअरवाल्याला फोन करणे किंवा उभे पीक जनावरांना सोडणे, एवढेच दोन मार्ग उरतात.